मुहूर्त साडेबाराचा, मग मोगरा कशाला?

"लग्न मेमध्ये आहे, सगळीकडे मोगराच मोगरा करायचाय," असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, मुहूर्त कितीचा? समोरचा गोंधळतो. फुलांचा आणि मुहूर्ताचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो न कळल्यामुळेच बहुतेकांची सजावट फसते. मोगऱ्याची कळी मंडईतून सकाळी घट्ट मिटलेली येते आणि दिवस कलला की उमलायला लागते. साडेबाराला अक्षता पडताना तो फक्त पांढरे मणी ओवल्यासारखा दिसेल, वास जेमतेम. मुहूर्त गोरज असेल तर मात्र मोगऱ्यासारखं दुसरं फूल नाही. अंतरपाट दूर होतो तेव्हाच हॉलभर त्याचा वास पसरतो, निम्मं काम तिथेच होतं.

मी व्यवसायाने डेकोरेटर नाही. दहिसरला राहते, नोकरी केली, आणि गेली काही वर्षं नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या लग्नांत फुलांचं बघते. थर्माकोल आणि कापडी फुलांना कंटाळलेल्या, आपल्या मातीतल्या फुलांनी घरच्या घरी लग्न सजवू पाहणाऱ्या नवख्या लोकांसाठी हे लिहिते आहे. एकच धरून चला: आपली वसंतातली फुलं फार थोडा वेळ टिकतात, म्हणून मुहूर्तापासून उलटं मोजत यायचं.

आपलं फूल म्हणजे कुठलं

इथे पहिला धक्का बसतो. लग्नाच्या मांडवात ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचाच. देवळाच्या आवारातला पांढरा-पिवळा चाफा, ज्याला आपण देवचाफा म्हणतो, तो अमेरिका खंडातला, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली, आणि मे महिना लालभडक करणारा गुलमोहर मादागास्करचा. यांना हाकलून द्या असं मी म्हणत नाही. झेंडूने आपल्याकडे इतक्या पिढ्या काढल्यात की त्याला पाहुणा म्हणायची माझी छाती नाही, आणि मुंबईच्या उकाड्यात दिवसभर टिकायचं तर त्याचा हात धरणारं फूल नाही. पण अस्सल इथलं काही हवं असेल तर यादी वेगळी होते.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत पळस, पांगारा, काटेसावर फुललेले असतात. त्याच सुमारास कोकणात सुरंगी येते, आंब्याचा मोहोर अजून असतो, आणि कुठे सीता अशोक असेल तर तो केशरी झुबक्यांनी लगडतो. मार्चपासून मोगरा आणि सोनचाफा भरात. एप्रिल-मेमध्ये बहावा, आणि त्याच्या मागोमाग ताम्हण, म्हणजे महाराष्ट्राचं राज्यपुष्प. ते नेमकं महाराष्ट्र दिनाच्या आसपास रंगात येतं. बकुळ आणि अबोली या सगळ्यांच्या सोबतीला असतातच.

दोन ठिकाणी फसायला होतं. सोसायटीच्या गेटपाशी उंच, सरळसोट, लांब पानांचं जे झाड असतं त्याला सगळे अशोक म्हणतात, पण तो खोटा अशोक. त्याची पानं तोरणाला उत्तम, फुलं मात्र हिरवट आणि दिसून न दिसल्यासारखी. सीता अशोक वेगळा, त्याचे झुबके फांद्यांना चिकटून येतात. तसंच रस्त्यावरच्या मोठ्या छत्रीसारख्या झाडाचं गुलाबी पिसाऱ्याचं फूल लोक शिरीष म्हणून उचलतात. ते पर्जन्यवृक्षाचं, दक्षिण अमेरिकेतून आलेलं. आपल्या शिरीषाचं फूल हिरवट पांढरं आणि त्याहून नाजूक. दोन्ही हातात घेतल्यावर अर्ध्या तासात मान टाकतात, त्यामुळे सजावटीपुरता वाद संपतो.

तारीख, वेळ, मग फूल

आता कागद घ्या. वरती मुहूर्ताची वेळ लिहा. खाली फुलं त्यांच्या वेळेप्रमाणे बसवा.

सकाळचा किंवा दुपारचा मुहूर्त असेल तर सोनचाफा. तो पहाटे खुडतात, मंडईत अर्धवट उमललेला येतो, दुपारपर्यंत पूर्ण खुलतो. संध्याकाळी मात्र त्याच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडायला लागतात, आणि बोट लागलेलं असेल तिथे तर आधीच. गोरज मुहूर्त किंवा संध्याकाळचं रिसेप्शन असेल तर मोगरा. बकुळीला वेळेचं बंधन नाही. ती झाडावरून रात्री-पहाटे गळते, दुपारी सुकायला लागते, पण सुकली तरी वास जात नाही. अबोलीला वासच नाही, पण केसांत माळली की दुसऱ्या दिवशीसुद्धा ती तशीच टवटवीत दिसते. म्हणूनच हळदीला माळलेली अबोली लग्नाच्या सकाळी फोटोत येते आणि कुणाला कळत नाही.

बहावा आणि ताम्हण देठ पाण्यात असेपर्यंतच. पाण्याबाहेर लटकवलेला बहावा पंख्याखाली दोन-तीन तासांत पाकळ्या ढाळतो. त्यामुळे मांडवाला बहाव्याच्या झुंबरांची कल्पना इंटरनेटवर कितीही सुंदर दिसली तरी मुंबईच्या हॉलमध्ये ती करू नका. उंच पितळी कलशात, हंड्यात, जमिनीवरच्या घागरीत तो ठेवा. पिवळे घोस काठावरून ओघळू द्या. एका हंड्याला सात-आठ घोस पुरतात. जास्त कोंबले तर झाडू उभे केल्यासारखे दिसतात.

पळसाबद्दल एक सूचना, आणि ती गंभीर आहे. पळसाच्या फुलांचा रंग होतो, धुळवडीला आपण तोच उकळून वापरत आलो. ओल्या पाकळ्या पायाखाली चिरडल्या तर पैठणीच्या काठावर केशरी डाग पडतो. बोहल्याच्या वाटेवर पळस अंथरायचा मोह होतो, तो टाळा. घंगाळात तरंगणाऱ्या सजावटीत ठेवा. त्यासाठी काटेसावरही चांगली: जाड, मांसल पाकळ्यांचं वाडग्यासारखं फूल, पाण्यावर ऐटीत बसतं. पितळी घंगाळात पाच सावरीची फुलं आणि मध्ये एक समई, याहून जास्त काही दारात लागत नाही.

कण्हेर इथलीच, हारातही असते, पण तिचा कुठलाही भाग पोटात गेला तर विषारी. पानांच्या, जेवणाच्या बाजूला ती नको, आणि लहान मुलं खेळणार असतील तिथेही नको. रुईची फुलं दोन-तीन दिवस मेणाची असल्यासारखी राहतात, सजावटीला खरं तर फार सोयीची. पण रुई म्हटलं की घरातल्या आजीला मारुती आठवतो, आणि एखाद्या आजोबांना अर्कविवाह, म्हणजे तिसरं लग्न करणाऱ्याचं आधी रुईशी लावायचं लग्न. मी एकदा सुचवून पाहिलं. पुन्हा सुचवणार नाही.

फुलं आणायची कुठून

दादर पश्चिमेची फूल मंडई, स्टेशनबाहेर पाच मिनिटांवर. पहाटे चारला तिथे उजाडलेलं असतं. वसई-विरारकडून मोगरा, सोनचाफा घेऊन येणाऱ्या बाया आणि बागायतदार पहाटेच्या लोकलने येतात. पालघर जिल्ह्यात विक्रमगडकडेही मोगऱ्याची लागवड आहे. किरकोळ गिऱ्हाईक म्हणून जाणार असाल तर पाच ते सात ही वेळ बरी. चारला मोठे व्यापारी पाट्यांवर पाट्या उचलत असतात, आपल्याकडे कुणी बघत नाही. आठनंतर उरलेला माल. भुलेश्वरच्या फूल गल्लीत हार तयार मिळतात, पण बसून करून घ्यायचे तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. अबोलीची दाट वेणी हवी असेल तर माटुंग्याला जा, देवळांजवळच्या दाक्षिणात्य फूलवाल्यांकडे. त्यांच्या बोटांचा वेग बघण्यासारखा असतो.

पहिल्यांदा जाल तेव्हा खरेदीला जाऊ नका. लग्नाच्या दोन आठवडे आधी एखाद्या सकाळी नुसते फिरून या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका मावशींना म्हटलं, "मावशी, उद्या संध्याकाळसाठी मोगरा हवाय, आज नेऊन ठेवते." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग उद्याच ये ना. आज नेशील तर आजच फुलंल." एवढ्या एका वाक्यात त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्या वर्गात मिळालं नसतं.

मोगरा घेताना मूठभर कळ्या तळहातावर घ्या. खालचा देठ हिरवा आणि कळी दुधाळ पांढरी हवी. हिरवट, बारीक कळी संध्याकाळी उमलतच नाही, तशीच सुकते. टोकाशी जरा सैल झालेली असेल तर कालची. पाणी मारून वजन वाढवलेला ढीगही असतो, कळ्या हातात चिकटल्या तर समजून घ्या. आमच्या हिशेबाने पाव किलो कळीत हातभर लांबीचे चार-पाच दाट गजरे होतात. सोनचाफा नगावर मिळतो. वधूवरांच्या दोन माळांसाठी दीडशे फुलं धरा आणि वीसेक जास्त घ्या, कारण वाटेत काही डागाळणारच. भाव विचारून ठेवण्यात अर्थ नाही, दाट तिथीला ते दुपटीवर जातात. आधी ओळख काढून, थोडा विसार देऊन ठेवलेला बरा.

बहावा, ताम्हण, पळस मंडईत सहसा मिळत नाहीत, ही खरी अडचण. ती झाडं रस्त्यावर, मैदानांच्या कडेला, सोसायट्यांत आहेत. आपल्या किंवा मित्राच्या सोसायटीतलं झाड असेल तर सेक्रेटरींना आधी विचारा आणि घोस तेवढे खुडा. फांद्या छाटायला जाऊ नका. मुंबईत झाडांची छाटणी महापालिकेच्या परवानगीशिवाय करता येत नाही, त्यासाठी १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पळस-सावर कितीही खुणावत असले तरी तिथलं फूल उद्यानातच राहू द्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथून काही काढून नेणं गुन्हा आहे, आणि त्या सावरीवर सकाळी पाखरांची जी पंगत बसते ती एकदा बघितली की हात आपोआप मागे येतो. गावाकडे कुणाचं शेत असेल तर पळसाची पिशवीभर फुलं येणाऱ्या पाहुण्याबरोबर मागवा. सीता अशोक मी विकत घेत नाही. ते झाड जगभरच्या धोक्यातल्या यादीत आहे. कुणी आपल्या अंगणातला एक झुबका दिला तर वधूच्या अंबाड्यात खोवावा, एवढाच.

सुरंगी सिंधुदुर्गात. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडचं कुणी नात्यात असेल तर भाग्यवान आहात. फूल जुन्या फांद्यांवर बिलगून येतं, पहाटे कळीतच काढावं लागतं आणि लगेच ओवावं लागतं. रात्रीच्या गाडीने आलेले वळेसर, म्हणजे सुरंगीचे गजरे, सकाळी दादरला उतरतात तेव्हा थोडे कोमेजलेले असतात, पण वास आणखी दाट झालेला असतो. परागांची पिवळी धूळ मात्र सोबत येते. ती शालूवर झटकू नका, ओल्या हाताने तर पुसूच नका. नुसती फुंकर मारून उडवा.

आणल्यावर काय करायचं

घरी आल्यावर फुलं आधी सावलीत मोकळी करा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला मोगरा आतल्या आत घामेजतो आणि काळा पडतो. ओलं करून घट्ट पिळलेलं सुती फडकं किंवा केळीचं पान टोपलीत घाला, वर कळ्या पसरा, वरून दुसरं ओलसर फडकं. फ्रीजमध्ये ठेवायचंच झालं तर खालच्या भाजीच्या कप्प्यात. वरती बर्फाजवळ ठेवलेल्या सोनचाफ्याला काळे डाग येतात.

बहावा आणि ताम्हणाचे देठ घरी आल्याआल्या पुन्हा तिरके कापा. देठ लाकडासारखे कठीण असतात म्हणून टोकाशी बोटाच्या पेराएवढी उभी चीर द्या. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. स्वच्छ बादलीत मानेपर्यंत पाणी भरून अंधाऱ्या, गार जागी चार-पाच तास ठेवा. बादली साबणाने घासलेली हवी, फरशी पुसायची नको.

आणि आता माझी फजिती. भाचीच्या लग्नाच्या आदल्या रात्री बहाव्याचे चाळीसेक घोस दोन बादल्यांत भरून मी आतल्या खोलीत ठेवले. खोली गार, पंखा बंद, पडदे ओढलेले. सगळं शिस्तीत. पहाटे साडेचारला दिवा लावला तर जमिनीवर पिवळा सडा आणि बादल्यांत नुसत्या हिरव्या काड्या. एक बादली पूर्ण गेली होती, दुसरी निम्मी. मी देठ तपासले, पाणी हुंगलं, काही कळेना. मग खोलीच्या कोपऱ्यात लक्ष गेलं. पाहुण्यांसाठी आणलेल्या हापूसच्या चार पेट्या, गवतात पिकायला ठेवलेल्या. पिकणाऱ्या फळांतून एथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने फळं पिकतात आणि फुलं गळतात. ज्या खोलीत आंब्याचा वास आहे तिथे फूल ठेवायचं नाही, पिकलेल्या केळ्यांच्या घडाजवळही नाही. मे महिन्यातल्या मराठी घरात अशी खोली शोधणं हेच एक काम आहे. आमच्याकडे शेवटी बाथरूम निघाली. भाचीच्या लग्नात हंड्यांमध्ये त्या दिवशी माडाची पोय, म्हणजे नारळाचा फुलोरा, उभी राहिली, शेजारच्या वाडीतून मागून आणलेली. पुष्कळांनी तिचंच कौतुक केलं.

पोयीचा मुद्दा निघालाच आहे तर: कोवळी पोय फोडली की आत मोत्यासारखे दाणे लगडलेले पिवळसर तुरे असतात. पाणी नसलं तरी दिवसभर टिकतात. नवख्या माणसाने कुठल्याही सजावटीत राखीव म्हणून दोन पोया ठेवाव्यात.

हाताने करायच्या गोष्टी

गजरा बांधायला शिकायचा असेल तर लग्नाच्या आठवडाभर आधी पाव किलो कळी वाया घालवायची तयारी ठेवा. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला किंवा खुर्चीच्या पायाला बांधा. डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत दोन कळ्या धरा, देठाला देठ लागलेले, तोंडं एक उजवीकडे, एक डावीकडे. उजव्या हाताने दोरा त्यांच्या देठांवरून एकदा फिरवा, मग बोटावर एक फास करून तो देठांत अडकवून ओढा. ओढताना जोर दोऱ्यावर द्या, कळीवर नको. लगेच पुढच्या दोन कळ्या, आता आधीच्यांच्या आडव्या दिशेने. पहिला गजरा मध्येच सुटतो, दुसरा वाकडा होतो, तिसरा केसांत माळण्यासारखा होतो. दोरा भिजवलेला सुती घ्या. केळीच्या सोपटाचा, म्हणजे खांबाच्या सालीचा, मिळाला तर उत्तम, तो ओला राहतो आणि कळीचा देठ कापत नाही. नायलॉनचा दोरा देठ चिरतो.

बकुळीला हे काही लागत नाही. फुलाच्या मधोमध निसर्गानेच भोक ठेवलंय, सुई त्यातून आरपार जाते. घरातल्या पोरांना हेच काम द्या. लग्नघरात पोरं हाताखाली असतात आणि कुणाच्या कामाला येत नाहीत, ही एकच जागा त्यांना शोभते. बकुळीच्या बारीक सरीच्या मुंडावळ्या करता येतात. मोत्यांच्या मुंडावळ्यांना दोन्ही बाजूंनी एकेक बकुळीची सर जोडली की पुरे. नुसत्या फुलांच्या केल्या तर घामाने कपाळाला चिकटतात.

सोनचाफ्याची माळ सुईने ओवा. देठाच्या वरच्या जाड भागातून दोरा गेला पाहिजे, पाकळ्यांतून गेला तर दुपारपर्यंत फाटतात. फूल नेहमी देठाला धरा. पाकळीला लागलेलं बोट तासाभरात तपकिरी ठसा होऊन उमटतं. प्रत्येक दोन फुलांमध्ये तुळशीची मंजिरी किंवा मरव्याची काडी घाला, फुलं एकमेकांवर घासत नाहीत. चैत्रात दवणा मिळाला तर दवणाच घ्या. सोनचाफ्याच्या गोड वासाला दवण्याचा तो उग्र, ओला वास असा काही तोलून धरतो की भटजीसुद्धा मंगलाष्टकं म्हणताना मान वळवून बघतात. निदान आमच्या भटजींनी बघितलं.

पुष्पगुच्छ आपल्याकडे वधूच्या हातात मुळात नसतो, रिसेप्शनला हवा असतो. चाफा-मोगऱ्याला लांब देठ नाही ही त्यातली अडचण. त्यावर उपाय झाडूत आहे. नवीन हिराच्या झाडूतले हीर घ्या, धुवा, टोकदार कापा आणि सोनचाफ्याच्या देठात खालून खुपसा. झाला लांब देठ. एका हिरावर सात-आठ मोगऱ्याच्या कळ्या एकाखाली एक ओवल्या तर पांढरी तुऱ्यासारखी काडी होते. मध्ये ताम्हणाचे तीन घोस, भोवती सोनचाफ्याचे नऊ-दहा हीर, कडेला आंब्याचा तांबूस कोवळा पाला. सगळं केळीच्या सोपटाने घट्ट बांधा, वर जुन्या पैठणीच्या काठाची पट्टी गुंडाळा. ताम्हणाच्या पाकळ्या घडी घातलेल्या झिरमिरीत कागदासारख्या असतात. चिमटीत धरू नका, घोसाला खालून आधार द्या. गुच्छ हातात द्यायच्या तासभर आधी बांधा, तोवर देठ पाण्यात.

मांडव, बोहला, दार

फुलं कमी आणि पानं जास्त, असं इथे धोरण ठेवा. केळीचे खांब, आंब्याची पानं, माडाच्या झावळ्या यांनी मांडव भरतो. फुलं फक्त नजर जाते तिथे: अंतरपाटाच्या मागची भिंत, गौरीहराची जागा, प्रवेशाचं दार. गौरीहरापाशी मी मोगरा आणि बकुळीशिवाय काही ठेवत नाही, मुलगी तिथे बराच वेळ एकटी बसलेली असते, वासाची सोबत बरी.

फुलं खोचायला डेकोरेटर हिरवा स्पंज वापरतात. तो प्लास्टिकचा असतो, कुजत नाही, चुरा होऊन गटारात जातो. त्याऐवजी केळीच्या खांबाचे वीतभर तुकडे घ्या. आत पाणी धरलेलं असतंच, त्यात सुरीने भोकं पाडून देठ खोचा. परातीत चार तुकडे उभे केले की सुंदर ताटवा होतो, आणि फुलं दिवसभर ओली राहतात. केळीचा चीक कपड्याला लागला तर निघत नाही, तेवढं मात्र जुन्या कपड्यांतच करा.

हॉलवाल्यांशी आधी बोला. बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या डेकोरेटरशिवाय कुणाला शिडी लावू देत नाहीत, आणि बाहेरच्या सजावटीचे वेगळे पैसे घेतात. आम्हाला एकदा हे लग्नाच्या सकाळी, हारांच्या टोपल्या डोक्यावर असताना दारात सांगितलं गेलं. लेखी घ्या. पाणी कुठल्या नळाला येतं, हॉल किती वाजता उघडतो, स्टेजवरच्या मोठ्या दिव्यांचं तोंड कुठे असतं, एसीचा झोत कुठे पडतो, हे जागेवर उभं राहून बघा. दिव्यांच्या आणि झोताच्या समोर फक्त पानं.

साडेबाराच्या मुहूर्ताचं वेळापत्रक माझं असं असतं: आदल्या दुपारी पानं, केळीचे तुकडे, पोया घरी. संध्याकाळी बहावा-ताम्हण खुडून बादलीत. पहाटे पाचला एकजण दादरला. सातपर्यंत सोनचाफा घरी आणि सुई-दोरे ओवून तयार असलेली चार माणसं बसलेली. साडेआठला दुसरी तुकडी हॉलवर, पानांची सजावट पुरी करून हंडे भरायला. माळा दहाला तयार, ओल्या फडक्यात, उघड्या टोपलीत, टॅक्सीत मांडीवर. डिकीत ठेवायच्या नाहीत. साडेअकराला शेवटचं पाणी शिंपडणं, तेही पानांवर. गोरज मुहूर्त असेल तर हेच सगळं सहा तास पुढे ढकला, पण दादरची फेरी पहाटेचीच राहते, आणि मधल्या वेळेत कळ्या ओल्या फडक्याखाली, अंधारात.

लग्नानंतर बकुळ आणि सुरंगी वेगळी काढून सावलीत वाळवा. नव्या जोडप्याच्या कपाटात कापडी पुरचुंडी करून टाका, पावसाळ्यात उघडतील तेव्हा कळेल. बाकीचं निर्माल्य दोरे काढून ओल्या कचऱ्यात किंवा सोसायटीच्या खताच्या पिंपात. केळीचे तुकडे आधी चिरून घ्या, नाहीतर कुजायला महिने लागतात आणि सेक्रेटरी पुढच्या वर्षी बहावा खुडू देत नाहीत.